पट्टी शौकिनाला, चिठ्ठी शेतकऱ्याला



पोर्तुगालात दोरू नदीच्या खडकाळ उतारांवर द्राक्षे पिकतात. त्यांची पोर्ट वाइन होते. आपण दुष्काळाची साले सांगतो तशी तिचे शौकीन १९६३, १९७७, १९९४ ही साले घडाघडा सांगतात. बाटलीच्या गळ्याला सरकारी संस्थेची पट्टी दिसली की त्यांची खात्री पटते. पट्टीबद्दल आमची तक्रार नाही.

१७५६ साली पोंबाल या मंत्र्याने कंपनी काढून या मुलखाच्या हद्दी आखल्या. रंगासाठी वाइनमध्ये एल्डरबेरीचा रस मिसळत, म्हणून ती झाडेही उपटायला लावली. भेसळ थांबायलाच हवी होती. पण मक्तेदारीही त्याच कंपनीला! १७५७ साली पोर्तो शहरात लोक तिच्याविरुद्ध उठले, तेव्हा कित्येकांना फाशी दिली.

आज माती, उतार, उंची, वेलीचे वय पाहून मळ्याची प्रत ठरते. त्या प्रतीवर दरवर्षी चिठ्ठी मिळते : इतक्याच रसाची पोर्ट करा. उरलेली द्राक्षे साध्या वाइनला, फार कमी भावाने. वेल तोच, घाम तोच.

१९८६ पर्यंत तर निर्यात नदीच्या मुखाशी, विला नोव्हा द गाया येथील व्यापाऱ्यांच्या गोदामांतूनच होई. मळ्यातून थेट माल परदेशी धाडता येत नसे. एकाधिकार खरेदीच्या काळात राज्याच्या सीमेवर ज्यांच्या कापसाच्या गाड्या अडल्या, त्यांना हे उलगडून सांगायला नको. ते दार उघडले आणि मळेवाले आपल्या नावाच्या बाटल्या बाहेर धाडू लागले. पट्टी तीच, तपासणीही तीच. शौकिनांनी काही पिणे सोडले नाही.