मुलांचे दुखणे बहाणा समजू नका



मुलाने “पाय दुखतो” म्हटले, की त्याला साधारणपणे दोनच उत्तरे मिळतात. शाळेत “पी.टी. चुकवायचा बहाणा” आणि घरी “वाढीचे वय आहे, तेल चोळ.” आमच्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

वाढीच्या वयातले दुखणे बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होते आणि सकाळी मूल पुन्हा हुंदडू लागते. पण दुखणे आठवडेच्या आठवडे एकाच जागी असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, मूल लंगडत असेल किंवा सांधा आखडला असेल, तर ते वेगळे समजावे. त्यामागे ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ नावाची हाडातील गाठ असू शकते. ही गाठ बहुधा 5 ते 25 या वयात होते, मुलींपेक्षा मुलांत जास्त. आकाराने साधारण 2 सेंटिमीटरहून लहान, पण सांध्याजवळ असली तर संधिवातासारखी सूज आणि आखडलेपणा आणते. खुब्यातील दुखणे कधी कधी गुडघ्यात जाणवते, म्हणून गुडघ्याचा एक्स-रे साफ आला तरी तपास तेथेच थांबवू नये. साध्या एक्स-रेत न दिसलेली ही गाठ सीटी स्कॅनमध्ये दिसू शकते.

‘गाठ’ शब्द ऐकताच घर हादरते. मुलीची गोष्ट असेल तर लोक काय म्हणतील म्हणून लपवालपवी होते. पण ही गाठ कॅन्सर नव्हे आणि तिचा कॅन्सर होतही नाही. आज सुईवाटे उष्णता देऊन ती जाळता येते, बहुतेकांना मोठ्या ऑपरेशनची गरज पडत नाही. मात्र गाठ कोणती, हे अस्थिरोगतज्ज्ञानेच ठरवावे. त्याआधी पहलवानाकडून मालिश करवू नये. वेदनाशामक गोळीने या दुखण्याला चांगला आराम पडतो, म्हणूनच स्वतःच्या मनाने गोळ्या देत राहिल्यास निदान लांबते.

आमचे स्पष्ट मत आहे की लंगडणाऱ्या मुलाला मैदानावर पळवू नये. वर्गशिक्षकांनी तक्रार डायरीत लिहून पालकांना कळवावी, पालकांनी तपासणी करावी आणि विश्वस्तांनी गरजू मुलांच्या तपासणीखर्चाचा विचार करावा.

विद्यार्थ्यांनो, दुखत असेल तर न लाजता सांगा. कधी एखादा बहाणा खरा मानला गेला तरी चालेल, पण खरे दुखणे बहाणा ठरता कामा नये.

— प्राचार्य