एकट्याचा परदेशप्रवास आणि बेताचा पैसा

परदेशीं जावयाचें तर गांठीं अमाप द्रव्य तरी हवें, नाहीं तर एखाद्या प्रवासी मंडळाच्या यादींत नांव घालून चाळीस माणसांच्या मागें चालण्याची तयारी तरी हवी; या दोहोंखेरीज तिसरा मार्ग हालअपेष्टांचा, आणि तो शहाण्या माणसानें धरूं नये, असा एक समज आमच्या मध्यम वर्गांत रूढ झाला आहे. कोल्हापुरांत तर तो जवळजवळ शास्त्रवचनासारखा मानला जातो. निवृत्त शिक्षक, बँकेंतील कारकून, मुलें मार्गीं लागल्यामुळें मोकळी झालेली विधवा, यांपैकीं कोणी ‘एकटाच जाऊन येतों’ किंवा ‘एकटीच जाऊन येतें’ असें म्हणालें, कीं घरचीं माणसें त्याच्या प्रकृतीची व बुद्धीची एकदमच चौकशी करूं लागतात. हा समज खोटा तर आहेच, पण नुकसानकारकही आहे, हें येथें दाखवावयाचें आहे.

या वादांत प्रथम कोल्हापूरचा इतिहासच साक्षीस बोलवावा. छत्रपति राजाराममहाराज 1870 सालीं विलायतेस गेले, तेव्हां त्यांचें वय अवघें वीस होतें. बरोबर परिवार होता, इंग्रज अधिकारी होता, द्रव्याची ददात नव्हती. परतीच्या वाटेवर त्याच वर्षीं 30 नोव्हेंबर रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं त्यांचा अंत झाला. द्रव्य आणि सोबत यांनीं जेवढी निर्धास्ती विकत मिळते तेवढी त्यांच्यापाशीं होती. ती पुरी पडली नाहीं.

दुसरी साक्ष डॉ. आनंदीबाई जोशी यांची. 7 एप्रिल 1883 रोजीं त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां नुकतींच त्यांस अठरा वर्षें पुरीं झालीं होतीं. पति बरोबर नव्हते, घरचें कोणीच नव्हतें. आगबोटीवर मिशनरी स्त्रियांची सोबत काय ती होती. 1886 सालीं फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी त्यांनीं मिळविली, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु रुजू होण्यापूर्वींच, 26 फेब्रुवारी 1887 रोजीं, क्षयानें त्यांस ओढून नेलें. परदेशांतील थंडी व आहाराची आबाळ त्यांस भोंवली, असें आमचे प्रतिपक्षी लगेच म्हणतील. आम्ही तें नाकारीत नाहीं. त्यांच्यापुढें निवड नव्हती; आपल्यापुढें आहे, आणि तेथेंच काटकसर व हाल यांतील सीमारेषा दिसते. ऊब, झोंप, अन्न आणि औषध या चार गोष्टींत हात आंखडणें ही काटकसर नव्हे, आत्मघात आहे. नांवाजलेलें हॉटेल, रोजचें नवें गांव आणि सोयऱ्याधायऱ्यांसाठीं खरेदी, यांस मात्र खुशाल कात्री लावावी.

तिसरी साक्ष गोमंतकांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांची. 1899 सालीं त्यांनीं घर सोडलें, काशीस अन्नछत्रांत जेवून संस्कृताचें अध्ययन केलें, आणि 1902 सालीं नेपाळ व सिंहलद्वीप गांठलें. पुढें ते ब्रह्मदेशींही गेले. खिसा बहुधा रिकामाच असे. तरी ते विहारांत राहिले, भिक्षूंच्या सहवासांत पाली शिकले, आणि 1910 सालीं हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस ग्रंथसंशोधनासाठीं बोलावून घेतलें. त्यांचे हाल आपण सोसावे असें आमचें म्हणणें नाहीं. प्रवासाचें फळ खर्चाच्या प्रमाणांत मिळत नसून मुक्कामाच्या प्रमाणांत मिळतें, एवढेंच त्यांच्या उदाहरणानें सिद्ध होतें.

मंडळाची सहल सुखाची असते, असें सांगतात. पहांटे दारावर थाप, न्याहारीपूर्वीं बॅगा बाहेर, आठ दिवसांत चार देश, बसमध्यें अंताक्षरी आणि आल्प्सच्या पायथ्याशीं पिठलें-भात. यास सुख म्हणावयाचें तर तें वरातींतल्या पाहुण्याचें सुख होय. चालावयाचें केव्हां, थांबावयाचें कोठें, हें दुसऱ्यानें ठरवावयाचें! कोल्हापूरचा मनुष्य फ्लॉरेन्सला उतरतो, दोन तासांत मुख्य चौक व कातडी सामानाचीं दुकानें पाहतो, आणि काशिने उपवनाच्या पश्चिम टोंकाशीं, जेथें राजाराममहाराजांस अग्नि दिला तेथें 1874 सालीं उभारलेली त्यांची छत्री न पाहतांच बसमध्यें चढतो. ज्या मेजर मँटनें आमच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला, त्याचाच आराखडा त्या छत्रीस आहे. ती सार्वजनिक उपवनांत उघड्यावर उभी आहे. तिला तिकीट पडत नाहीं. मात्र तेथवर सावकाश चालत जावयास अर्धा दिवस हवा, आणि अर्धा दिवस हीच वस्तु मंडळाच्या पोतडींत नसते. शिवाय जाहिरातींतला दर बहुधा दोघांनीं एक खोली वांटून घेण्याचा असतो. एकट्यानें स्वतंत्र खोली मागितली कीं जादा आकार बसतो. म्हणजे विधुरानें, विधवेनें, अविवाहितानें आपल्या एकटेपणाचा दंडही भरावयाचा!

आतां खर्चाचा हिशेब. प्रवासांत पैसा अंतराइतकाच घाईनें खर्च होतो. रोज गांव बदलणारास रोज भाडें आणि रोज नवी खोली. एकाच शहरीं पंधरा दिवस राहणारास खोली स्वस्त पडते, दूध-पाव-भाजी आणून स्वतः रांधतां येतें, ट्रामचा आठवड्याचा पास काढतां येतो. ऐन हंगाम टाळला तर विमानाचें भाडेंही उतरतें. युवक-वसतिगृहें केवळ पोरांसाठीं, हाही एक भ्रम आहे. रिचर्ड शिर्मान या जर्मन शाळामास्तरास 1909 सालीं ही कल्पना सुचली, आणि आल्टेनाच्या किल्ल्यांत पहिलें कायमचें वसतिगृह 1912 सालीं निघालें. आज त्यांपैकीं बहुतेकांत प्रौढांस मज्जाव नाहीं, आणि पुष्कळ ठिकाणीं स्वतंत्र खोल्याही मिळतात. लंडनचें ब्रिटिश म्युझियम 1759 सालीं उघडलें; तेथील कायमचा संग्रह पाहावयास आजही प्रवेशमूल्य नाहीं. त्याच संग्रहांत अमरावतीच्या स्तूपाचीं शिल्पें आहेत. पण आमचीं माणसें त्याच शहरीं मेणाचे पुतळे पाहण्यासाठीं तिकीट काढून रांग धरतात. युरोपच पाहिजे असेंही नाहीं. नेपाळांत भारतीयास व्हिसा लागत नाहीं, आणि आपल्या एका रुपयास तेथील 1.60 रुपये हा दर 1993 पासून कायम आहे. पहिला धडा तेथें गिरवावा.

आक्षेप पुष्कळ आहेत. आजारी पडलों तर? शेंगेन व्हिसासाठीं निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे. इतरत्र तो स्वतः होऊन उतरावा. भाषा येत नाहीं? चाळीस जणांच्या घोळक्यांत ती बोलण्याची वेळच येत नाहीं. एकट्यास चार शब्द शिकावेच लागतात, आणि तोच लाभ. बाईमाणसाचें काय? धोका आहे, तो गांवींही आहे. परक्या शहरीं उजेडीं पोचावें, पहिल्या रात्रीची खोली आधीं ठरवावी, मुक्काम कोठें हें घरीं कळवावें. मीना प्रभु यांचीं प्रवासवर्णनें ज्या घरांत आवडीनें वाचलीं जातात, त्या घरांत तरी हा प्रश्न शेवटचा मानूं नये. कोणी वारीचा दाखला देतात, कीं आमची परंपराच समुदायानें जाण्याची. परंतु वारकऱ्यांस जावयाचें ठिकाण एक असतें, आणि ते तेथें पायीं जातात. आठ दिवसांत चार पंढऱ्या ते उरकीत नाहींत.

मंडळांचें श्रेय आम्ही बुडवीत नाहीं. टॉमस कुकनें 1841 सालीं लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें पांचशें माणसें एका शिलिंगांत आगगाडीनें नेलीं, तें सामान्यांवर उपकारच होते. ज्याची प्रकृति नाजूक आहे, किंवा ज्यास गर्दींतच करमतें, त्यानें आजही खुशाल मंडळाबरोबर जावें. आमचें भांडण त्यास एकमेव मार्ग म्हणणारांशीं आहे. कारण त्या म्हणण्याची किंमत भलतेच लोक देतात. लाखांची रक्कम जमेना आणि सोबत मिळेना, म्हणून ते ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ म्हणत राहतात. गुडघे दुखूं लागतात, आणि हौसेनें काढलेल्या पासपोर्टाचीं दहा वर्षें एकही शिक्का न बसतां संपतात. अशा वाचकांस आमचें सांगणें इतकेंच, कीं सोबतीची वाट पाहूं नका. एक शहर निवडा, पंधरा दिवस ठरवा, विमा उतरवा आणि निघा.