बुसानच्या पायऱ्या

जुलै 2025 मध्ये पॅरिस येथे भरलेली जागतिक वारसा समितीची बैठक महाराष्ट्राच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. मराठ्यांच्या लष्करी पराक्रमाचे साक्षीदार असलेले बारा किल्ले त्या बैठकीत जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील असून बारावा तामिळनाडूतील जिंजीचा आहे. त्या आनंदाच्या भरात त्याच सुमारास झालेल्या आणखी एका निर्णयाकडे आपले लक्ष गेले नसेल, तर ते स्वाभाविक होते. समितीची पुढील, म्हणजे 2026 सालची बैठक दक्षिण कोरियातील बुसान ह्या शहरी भरविण्याचे तेव्हा ठरले. हे शहर कसे पाहावे आणि त्यात कसे हिंडावे, हा विषय प्रवासवर्णनाचा आहे, अग्रलेखाचा नाही, असे एखादा वाचक म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. प्रेक्षणीय स्थळ आणि राहते घर एकच असले, म्हणजे कोणते प्रश्न उभे राहतात, ह्याचा धडा बुसानच्या चढउतारांवर फार स्पष्टपणे वाचावयास मिळतो. आणि तो धडा आज आपल्याही कामाचा आहे.

बुसान हे कोरियातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. लोकवस्ती सुमारे 32-33 लाख. नावातील ‘बू’ म्हणजे हंडा आणि ‘सान’ म्हणजे डोंगर. ह्या शहरात डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरले आहेत. सपाट जमीन थोडी, त्यामुळे वस्ती दऱ्याखोऱ्यांतून वाट काढीत लांबट पसरलेली. राजधानी सोलहून वेगवान आगगाडीने अडीच तासांच्या आसपास येथे पोचता येते. प्रवासी कंपन्यांची पत्रके पाहिली, तर त्यांत हैउंदेची पुळण, तिच्या काठी 2019 मध्ये पुरी झालेली 411 मीटर उंचीची इमारत आणि 2003 मध्ये खुला झालेला, सात किलोमीटरांहून अधिक लांबीचा ग्वांगान पूल हीच चित्रे हटकून दिसतील. ते सारे पाहण्यासारखे आहे, ह्यात शंका नाही. परंतु तेवढेच पाहून परतणाऱ्यास बुसान दिसले, असे आम्ही म्हणणार नाही.

जून 1950 मध्ये कोरियन युद्ध पेटले आणि अवघ्या काही आठवड्यांत दक्षिण कोरियाच्या हाती देशाचा आग्नेयेकडील एक कोपरा तेवढा उरला. त्या कोपऱ्याचे बंदर म्हणजे बुसान. 1953 पर्यंतच्या युद्धकाळात बराच काळ हे शहर देशाची तात्पुरती राजधानी होते. उत्तरेकडून लाखो निर्वासित येथे येऊन थडकले. खाली जागा नव्हती, म्हणून ते डोंगर चढले. चोरयांग भागात बंदराकडील सखल वस्ती आणि डोंगरमाथ्याकडील घरे ह्यांना जोडणाऱ्या 168 पायऱ्या आहेत. त्यांच्या पायथ्याच्या विहिरीचे पाणी बायका-मुले ह्याच पायऱ्यांवरून वर वाहून नेत. आमी-दोंग येथे तर जपानी राजवटीतील दफनभूमीवर घरे उठली. थडग्यांचेच दगड कोणी पायात घातले, कोणी उंबऱ्याशी पायरीला लावले. मेलेल्यांच्या दगडांवर जिवंतांनी संसार मांडला, तो अन्य मार्गच उरला नव्हता म्हणून. ताटातूट झालेल्या आप्तेष्टांनी एकमेकांस ठिकाण सांगितले होते ते योंगदोच्या पुलाचे, कारण 1934 सालचा हा उचलता येणारा पूल नाव ऐकून सर्वांस ठाऊक होता. किती जण भेटले आणि किती जण नुसतेच वाट पाहत उभे राहिले, ह्याची गणती कोण करणार? 1966 मध्ये थांबलेले त्या पुलाचे उचलणे 2013 पासून पुन्हा सुरू झाले, आणि आज प्रवासी ते कौतुकाने पाहतात.

आपल्या देशाचा ह्या बंदराशी संबंध आला तोही ह्याच काळात. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेचे 60 वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक नोव्हेंबर 1950 मध्ये बुसानच्या धक्क्यावर उतरले, ते जखमींच्या शुश्रूषेसाठी. त्याच शहरात संयुक्त राष्ट्रांचे स्मारक-दफनस्थान आहे. जगात अशा प्रकारचे ते एकच. अनेक देशांचे 2,300 हून अधिक सैनिक तेथे विसावले आहेत. बुसानला जाणाऱ्या भारतीयाने हैउंदेच्या पुळणीवरून परतताना तेथे घटकाभर थांबावे, असे आम्ही सुचवू.

आता हिंडण्याविषयी. बुसानचा पहिला भुयारी रेल्वेमार्ग 1985 मध्ये सुरू झाला. आज तेथे चार मार्ग आहेत आणि 2011 मध्ये सुरू झालेला चौथा चालकाविना धावतो. पहिला मार्ग धरला, तरी शहराचा अर्धा इतिहास वाटेत भेटतो. उत्तरेस सातव्या शतकातील बोमोसा हा बौद्ध मठ, मध्यंतरी मुख्य रेल्वे स्थानक, पुढे जागाल्छीचा मासळीबाजार आणि त्याच्या आसपास निर्वासितांच्या जुन्या मासिकांच्या विक्रीतून वाढलेली बोसू-दोंगची पुस्तकगल्ली. चौथ्या मार्गावरील सुआन स्थानकाची कथा अधिक बोलकी आहे. स्थानकासाठी खोदकाम चालू असता तोंगनेच्या जुन्या तटाचा खंदक लागला, आणि 1592 च्या जपानी स्वारीत मारल्या गेलेल्यांच्या अस्थी व शस्त्रे सापडली. तेथील अधिकाऱ्यांनी स्थानक बांधले आणि त्याच स्थानकात संग्रहालयही उभारले. नोकरीवर निघालेला माणूस रोज आपल्या पूर्वजांच्या शौर्यावरून चालत जातो.

परंतु रेल्वे डोंगर चढत नाही. तेथे कामास येतात त्या लहान बसगाड्या. ‘गावबस’ अशा अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या गाड्या अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यांवरून वरच्या वस्त्यांपर्यंत जातात. बसमधून उतरल्यावर 30 मिनिटांच्या आत दुसरी बस वा रेल्वे पकडली, तर नवे भाडे पडत नाही. दुसरे वाहन महाग असेल तर फरक तेवढा द्यावा लागतो. असे वाहन दोनदा बदलता येते. ऑगस्ट 2023 मध्ये नगरपालिकेने नागरिकांसाठी आणखी एक योजना काढली. महिन्याच्या प्रवासाचा खर्च 45,000 वॉनच्या वर गेला, की 90,000 वॉनपर्यंतची वरची रक्कम परत मिळावी, असा तिचा आराखडा होता. ह्या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ती पाहुण्यासाठी निर्माण झालेली नाही. डोंगरावरच्या म्हातारीला बाजारातून मासळी आणता यावी आणि गोदीतल्या कामगाराला वेळेवर कामास पोचता यावे, म्हणून ती झाली. पाहुणा तिचा लाभ घेतो, आणि म्हणूनच त्याला खरे शहर दिसते. शेजारच्या आसनावर शहर स्वतः बसलेले असते.

येथवर सारे चांगले. पण ह्याच लहान बसने तोसोंग स्थानकापासून वर गेले, म्हणजे गामचोन लागते आणि प्रश्न सुरू होतात. एका धर्मपंथाच्या अनुयायांनी 1950 नंतरच्या दशकात वसविलेली ही गरिबांची वस्ती. डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर घरे अशी बांधलेली, की पुढच्या घराने मागच्या घराचा उजेड आणि दृष्टी अडवू नये. दारिद्र्यातही शेजारधर्म सांभाळणारी ती वास्तुरचना होती. 2009 मध्ये कलावंतांनी येथे रंग आणि शिल्पे आणली; उतरणीला लागलेल्या वस्तीत माणसांची ये-जा वाढावी, हा हेतू स्तुत्यच होता. ये-जा इतकी वाढली, की वर्षाकाठी लाखो लोक येऊ लागले. कठड्यावर एका फ्रेंच पुस्तकातील छोट्या राजपुत्राचा पुतळा बसविलेला आहे. त्याच्या शेजारी बसून छायाचित्र काढण्यासाठी रांग लागते. त्या रांगेमागच्या घरात कोणी आजारी असेल, कोणी रात्रपाळी करून झोपले असेल, ह्याची रांगेला कल्पना नसते. वस्तीला कोणी कोरियाचे माचू पिचू म्हणतो, कोणी सांतोरिनी. जे स्वतःच्या नावाने पुरेसे मोठे आहे, त्याला परक्याचे नाव चिकटविण्याची ही हौस आपल्याही परिचयाची आहे.

ह्यावर असे म्हटले जाईल, की प्रवासी आले म्हणूनच गामचोन वाचले. नाही तर तेही ओस पडले असते. हा युक्तिवाद पोकळ नाही. बुसान वेगाने वृद्ध होत आहे. 2021 मध्येच तेथे पाचांतील एक रहिवासी 65 वर्षांवरील झाला होता, आणि तरुण सोलकडे जात आहेत. गामचोनमध्ये रहिवाशांची समिती नकाशे विकते, दुकाने चालविते आणि त्या उत्पन्नातून वस्तीची कामे करते, हेही नमूद केले पाहिजे. तथापि पैसा येणे आणि घर घरासारखे राहणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरासमोर खानावळ आणि भेटवस्तूंची दुकाने वाढली, पण दिवसभर खिडकी लावून घेण्याची वेळ आली, तर त्या म्हातारीचे काय वाचले? सोलमधील बुकचोन ह्या जुन्या घरांच्या वस्तीने ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. तेथील सर्वाधिक गजबजलेल्या भागात पर्यटकांना सायंकाळी 5 ते सकाळी 10 ह्या वेळात मज्जाव करण्यात आला, आणि मार्च 2025 पासून तो मोडणाऱ्यास 1,00,000 वॉन दंडाची तरतूद झाली. घरात शांतता मिळावी म्हणून नगरपालिकेस दंड लावावा लागावा, ही पाहुण्यांच्या वर्गास भूषणावह गोष्ट नव्हे. पण तशी वेळ आली असता दंड लावण्याचे धैर्य दाखविणे, हे नगरपालिकेस भूषणावह आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. यादीतील आपल्या बारा किल्ल्यांपैकी काही आजही नांदते आहेत. पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे, शाळा आहे, बाजार आहे. सिंधुदुर्गाच्या तटाआत कुटुंबे राहतात. जागतिक वारशाची चर्चा चालू होती, तेव्हा पन्हाळ्याच्या रहिवाशांनी आपल्या घरादुकानांचे काय होणार, असा प्रश्न केला होता. तो प्रश्न गैरसमजातून आला, असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. मोटारी उभ्या करण्याच्या जागा, दिव्यांची रोषणाई आणि स्वागतकमानी ह्यांचे आराखडे सरकारी कचेऱ्यांत लौकरच तयार होतील. ह्या कामांत आपली कार्यक्षमता नेहमीच वाखाणण्याजोगी असते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की त्या आराखड्यांच्या पहिल्या पानावर गडावरच्या माणसाच्या गरजा असाव्यात. त्याला दवाखान्यात नेणारी बस कोणती, उन्हाळ्यात त्याच्या नळाला पाणी किती वेळ, गर्दीच्या दिवशी त्याच्या मुलाने शाळेत कोणत्या वाटेने जावे, ह्यांची उत्तरे आधी लिहावीत. पर्यटकांकडून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरलेला भाग गडावरच खर्च व्हावा, आणि तो कसा खर्च व्हावा हे ठरविताना रहिवाशांना नुसते कळवू नये, विचारावे.

आणि जे आपण पाहुणे म्हणून जातो, मग ते बुसानला असो वा पन्हाळ्याला, त्या सुशिक्षित मध्यमवर्गाचेही काही कर्तव्य आहे. शक्य तेथे लोकांच्या बसने जावे. वस्तीत शिरताना आवाज खाली आणावा. कोणाच्या उंबऱ्याचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्या उंबऱ्याच्या मालकाची अनुमती घ्यावी. परक्याच्या घरी गेल्यावर आपण ओसरीवर थांबतो आणि घरच्यांनी ‘या’ म्हटल्यावरच आत पाऊल टाकतो. ही रीत आपल्याला कोणी कायदा करून शिकविलेली नाही. गामचोनच्या पायऱ्यांवर आणि सिंधुदुर्गाच्या दरवाजात तीच पाळावयाची आहे.