माउस बाजूला ठेवा!

मुलांनो, वेबपान बनवायला शिकताना सुरुवात बहुधा एका छोट्या कार्डापासून होते. वर चित्र, खाली नाव, त्याखाली बटन. समजा, आपण वेरूळच्या कैलास लेण्याचं कार्ड बनवलं. फोटो झकास, अक्षरं नाजूक फिकट करडी, आणि 'माहिती दाखवा' असं गोल कडांचं बटन. झालं काम?

थांबा! माउस बाजूला ठेवा आणि कीबोर्डवरची टॅबची कळ दाबत जा. बटनापर्यंत पोचता येतं का? एंटर दाबल्यावर माहिती उघडते का? नाही? मग ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्यासाठी तुमच्या कार्डाचं दार बंदच!

अंध मुलं संगणक वापरतात ती कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरच्या मदतीने. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. 'एनव्हीडीए' हा असाच एक मोफत प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला. पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्रही कामाला लागला.

आता आपलं कार्ड सुधारू या.

१) बटन 'डिव्ह'चं असेल, तर रंगरूप बटनाचं असूनही स्क्रीन रीडरला ते बटन वाटतच नाही. तिथे 'बटन' हाच टॅग वापरा. टॅब आणि एंटर आपोआप चालू लागतील.

२) चित्राच्या 'आल्ट'मध्ये वर्णन लिहा. नुसतं 'फोटो' नको. 'एकाच खडकातून कोरलेलं कैलास लेणं, वेरूळ' असं लिहा.

३) पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं आजीलाही वाचवत नाहीत. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ : १ असावा, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १!

४) टॅब दाबल्यावर बटनाभोवती रेघ उमटते. 'दिसायला बरी नाही' म्हणून ती पुसू नका. हवं तर तिला छानसा ठळक रंग द्या.

५) पानाच्या 'एचटीएमएल' टॅगमध्ये भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, असं लिहा. मग स्क्रीन रीडरला मराठी उच्चार निवडता येतात.

पाहिलंत? कार्डाची शोभा कुठेच कमी झाली नाही. उलट अक्षरं उठून दिसू लागली.

पालकहो, हा काही नुसता मुलांचा खेळ नाही. बँक, तिकीट, प्रवेश-अर्ज, सगळं आता पडद्यावर आलं आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. तिथे एकदा उडालेला दगड परत चिकटवता येत नव्हता. आपलं काम मात्र कितीदाही सुधारता येतं. मग मुलांनो, आज तुमचं एखादं जुनं पान उघडा, माउस बाजूला ठेवा आणि टॅब दाबून पाहा. कुठे अडलं, ते वहीत टिपून ठेवा. पहिली दुरुस्ती तिथूनच!