हिरवा शिक्का पाहून भुलू नका : उन्हाळा आणि व्हेगन आहार

मंडळी, उन्हाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. “डॉक्टर, आम्ही दूध-तूप सोडलंय. आता व्हेगन आइस्क्रीम खायला हरकत नाही ना?” माझे उत्तर ठरलेले आहे. तुम्ही व्हेगन झालात, याला माझी अजिबात हरकत नाही. पण व्हेगन म्हणजे आपोआप पौष्टिक, या समजुतीला मात्र सक्त हरकत आहे.

शिक्का काय सांगतो?

व्हेगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. दूध, तूप, मध, अंडी, मांस असे प्राण्यांपासून मिळणारे काहीही न खाणे, हा त्याचा आहारापुरता अर्थ. भारतात २०२२ पासून अशा पदार्थांसाठी वेगळे सरकारी नियम आहेत आणि वेष्टनावर हिरवा शिक्का असतो. पदार्थात काय नाही, एवढेच तो शिक्का सांगतो. साखर किती, मीठ किती, तेल कोणते, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते आणि तिकडे कुणी पाहत नाही. मैदा, साखर आणि वनस्पती तूप हे तिन्ही व्हेगनच आहेत, हे विसरू नका!

‘आपल्याकडे काय मिळणार?’

घरातली वडीलधारी मंडळी याला परदेशी खूळ म्हणतात. त्यांना माझा प्रश्न आहे, चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुम्ही काय देता? आंबेडाळ आणि कैरीचे पन्हे. दोन्हींत दुधाचा थेंब नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा हे जेवण तर पिढ्यान् पिढ्या शेतावर गेले आहे. कोकण-गोव्यातली सोलकढी नारळाच्या दुधाची. महागड्या डब्यांवाचून व्हेगन जेवण होत नाही, हे कुणी ठरवले?

पण नुसती भाकरी-भाजी पुरणार नाही. दूध-दही गेले की त्यातली प्रथिनेही जातात. म्हणून दोन्ही जेवणांत वाटीभर उसळ, घट्ट वरण किंवा चवळी हवीच. उसळीवर लिंबू पिळा, त्यातले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा नको, तो लोह शोषू देत नाही. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते.

गोडाचे काय?

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि ती आपणच आपली करतो. “साखर नाही हो, गूळ घातलाय!” गूळही मुख्यतः साखरच आहे. मधुमेह्याच्या रक्ताला दोघांत फारसा फरक कळत नाही. नारळाचे दूध व्हेगन असले तरी त्यात संपृक्त चरबी भरपूर असते.

मग गोड खायचेच नाही का? खा, पण घरी करा आणि बेताने खा. पिकलेल्या आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर आधीच असते, त्यामुळे आमरसात वरून साखर घालू नका. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या फ्रीझरमध्ये गोठवून मिक्सरमधून फिरवा. मुलांना हे आइस्क्रीम आवडते आणि त्यात चमचाभरही साखर लागत नाही. नाचणीचे सत्त्व पातळ नारळाच्या दुधात शिजवून थोडा गूळ घातला, की छान खीर होते. मधुमेह असेल तर यातली कोणतीही गोष्ट अर्ध्या वाटीपर्यंतच, आणि तीही जेवणातली पोळी किंवा भात कमी करून.

आणखी एक गोष्ट. नारळाचे दूध आणि वाटलेली डाळ उन्हाळ्यात झपाट्याने खराब होतात. भर उन्हाळ्यात असे पदार्थ तासाभराहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका. दुपारची सोलकढी रात्री बाहेरून उचलून पिऊ नका.

ज्यावर तडजोड नाही

शाकाहारी माणसाला बी-१२ हे जीवनसत्त्व मिळते ते दूध-दह्यातून. तेही सोडले की वाट बंद. मोडाची कडधान्ये, इडली किंवा स्पिरुलिना यांच्यावर त्यासाठी विसंबता येत नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळे ठीक वाटते. मग थकवा येतो आणि आपण उन्हाला बोल लावतो. हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होते, विसरायला होते. फार उशीर झाला तर नसांची हानी कायमची राहू शकते. आणि हे सगळे टळते कशाने? एका साध्या, स्वस्त गोळीने! दूध सोडले असेल तर रक्ततपासणी करून घ्या आणि गोळी किती व कधी, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तर एक दिवसही टाळाटाळ करू नये. आणि एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी बदामाचे किंवा शेंगदाण्याचे दूध कधीही देऊ नका.

प्राण्यांवरच्या प्रेमापोटी कुणी दूध सोडत असेल, तर मला त्याचा आदर आहे. तेच प्रेम थोडे स्वतःच्या शरीरावरही करा. शिक्का पाहून खरेदी करण्यापेक्षा या उन्हाळ्यात मटकी भिजत घाला, पन्हे करा आणि बी-१२ तपासून घ्या.