तुले कसं मालूम?

तिसरीच्या पोट्ट्यांना ‘प्रकल्प’ देणं बंद करा. निदान आज देतो तसे तरी. विषय: आपली नदी. मग बापाच्या मोबाईलवर सर्च, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट, आईचं कटिंग-चिकटवणं. वहीवर बाईंची सही. यात पोरानं स्वतः काय शोधलं? काहीच नाही.

अकोल्यातल्या एखाद्या पोरीला स्वतः ‘पूर्णा नदी’ शोधू द्या. तिला कळेल की पूर्णा एक नाही. आपली पूर्णा सातपुड्यातून निघते, खारपाणपट्ट्यातून वाहते आणि तापीला मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि गोदावरीला मिळते. झेरॉक्सवाला कुठली पाहिजे ते विचारत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डेटाबेसला प्रश्न विचारणं हे माझं रोजचं काम. मशीनला मनातलं कळत नाही, टाइप केलेलं तेवढं कळतं. ‘पूर्णा’पुढे ‘तापी’ जोडायला हवं हे सुचणं, इथून संशोधन सुरू होतं. आठ वर्षांच्या पोराला ते जमतं.

‘आधी वाचता तर येऊ द्या,’ असं शिक्षक म्हणतात. २०२१ पासून ‘निपुण भारत’चा भर तिसरीपर्यंत वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी यावर आहे, आणि तो योग्यच आहे. पण स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर हुडकणारं पोरगं जितकं लक्ष देऊन वाचतं, तितकं धड्याखालचे प्रश्न सोडवताना कधी वाचतं का?

शोधण्याइतकंच तपासणंही शिकवायला हवं. रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर हे घुबड कुणाला सापडलं नव्हतं. तरी इंग्लंडच्या संग्रहालयात १९१४ चा एक नमुना होता, रिचर्ड माइनर्टझहागेन या लष्करी अधिकाऱ्यानं गुजरातेत मिळवल्याचं लेबल लावलेला. पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तर तो चोरलेला जुनाच पक्षी निघाला. लेबल तेवढं नवं. मग त्यांनी खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला. खोट्या लेबलवर विसंबून लोक चुकीच्या रानात शोधत राहिले असते.

ज्या वऱ्हाडात बोगस बियाण्याच्या पाकिटानं शेतकऱ्याचा हंगाम बुडतो, तिथं लेबलावर शंका घेणं ही चैन नाही. त्यात आता सर्च केलं की एआयचं तयार उत्तर सगळ्यात वर येतं. ते कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं, हे पोरानं विचारायचं कधी? कॉलेजात गेल्यावर?

यासाठी टॅबलेटची योजना नको. परिसर अभ्यासाच्या तासाला शिक्षकांचा एक मोबाईल पुरतो. त्यावर मराठी विश्वकोश उघडा. तो फुकट आहे, मराठीत आहे, आणि त्यातल्या बहुतेक नोंदींखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. भाषा जड आहे, म्हणून शिक्षकांनी वाचून सोपं करून सांगावं. वहीत तीन रकाने आखा: काय कळलं, कोणी सांगितलं, त्याला कसं कळलं. आजीनं सांगितलेलंही त्यातच लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर मार्क कापू नका, शोध चालू ठेवा.

एक दिवस पोट्टं उभं राहून गुरुजींनाच विचारेल, ‘तुमाले कसं मालूम?’ त्या दिवशी त्याला खाली बसवू नका.