कुठलं पिस्तूल चांगलं?

मे महिन्यात डिचोलीहून भावोजींचा फोन आला. "तू इंजिनिअर ना? मग एक तक्ता करून पाठव. कुठलं पिस्तूल घ्यायचं, एका ओळीत सांग."

भाची चौदा वर्षांची. २०२३ साली गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा मांद्र्याला नेमबाजी बघायला मीच तिला नेलं होतं, त्यामुळे या वेडाची अर्धी जबाबदारी माझ्याकडे येते. तेव्हापासून ती क्लबाच्या जुन्या एअर पिस्तुलावर सराव करते. यंदा काजूचे पैसे बरे आले होते. ते सगळे आणि वर थोडं कर्ज, एवढी भावोजींची तयारी होती. परदेशी बनावटीचं स्पर्धेचं एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं.

आजीची काळजी वेगळी. आपल्या पेडणे-डिचोलीकडे बागायतीत रानडुकरं येतात म्हणून परवान्याची बंदूक ठेवणारी घरं आहेत, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. "मग हिचं पिस्तूल पण नेऊन द्यायचं?" नाही आजी. ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पाच-सहा ज्यूल. तरी नळी कोणाकडे रोखायची नाही हा नियम सगळ्यांना तोच.

तक्ता करायला बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडकलो. पुण्याला नोकरीत असताना क्लबात मी तीन प्रकार हाताळले होते: हवेचं पिस्तूल, पॉइंट टूटू आणि पॉइंट थर्टीटू. पॉइंट थर्टीटूचा धक्का मनगटाला कळतो. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायर प्रकारात ६०० पैकी ५९० केले आणि विश्वविक्रमाची बरोबरी केली. ते पिस्तूल हातात धरल्यावरच मला त्या आकड्याचा खरा अर्थ कळला. माझे आकडे छापण्यासारखे नाहीत.

पण गंमत पुढे आहे. सगळ्यांना वाटतं हवेचं पिस्तूल म्हणजे बालवर्ग. दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर तेच वर्तुळ पन्नास मिलिमीटरचं. अंतराने भागून बघा: पहिल्यात मीटरमागे १.१५ मिलिमीटर, दुसऱ्यात दोन. म्हणजे भाची ज्याच्यावर शिकते आहे तेच जास्त कडक. शिवाय हवेचा छर्रा मंद, नळीतून बाहेर पडायला त्याला वेळ लागतो, तेवढ्यात हात हलला तर तो लगेच चुगली करतो. ट्रिगरचा भार मात्र हलका: हवेच्या पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम.

भाचीला खरं तर पंचवीस मीटरच खेळायचंय, कारण राही सरनोबत. कोल्हापूरच्या राहीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफ खेळून सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पण तिथे काडतुसं आली, परवाना आला. ते पुढचं पुढे.

एका रविवारी ओळखीच्यांकडून दोन परदेशी पिस्तुलं मागून आणली. एक यांत्रिक ट्रिगरचं, एक इलेक्ट्रॉनिक. तिसरं क्लबाचं जुनं. आधी तिन्ही शिकंज्यात घट्ट बसवून पाच-पाच छर्रे मारले. तिघांचेही पाचही छर्रे जवळजवळ एकाच भोकात. साडेअकरा मिलिमीटरच्या मानाने तिघांतला फरक नगण्य.

मग भाचीने हाताने तीस-तीस मारले. ३०० पैकी क्लबाच्या जुन्यावर २६२, यांत्रिकवर २५९, आणि सगळ्यात महाग इलेक्ट्रॉनिकवर २५१.

ती काही बोलली नाही. पिस्तूल खाली ठेवून पाण्याची बाटली घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली. तिला वाटलं असणार, आता मामा म्हणणार हिच्यावर पैसे घालू नका. मला खरोखर काय म्हणावं ते सुचत नव्हतं, म्हणून मी जे येतं ते केलं. लॅपटॉप काढला आणि नव्वद छर्ऱ्यांचे ठिपके मांडले.

दोन्ही परदेशी पिस्तुलांवरचे ठिपके डावीकडे सरकलेले होते. विखुरलेले नव्हते, फक्त सरकलेले. तिला बोलावून दाखवलं. तिने बघितलं, पिस्तूल परत हातात घेतलं आणि स्वतःच म्हणाली, "मामा, माझं बोट पुरत नाही." दोन्ही लाकडी मुठी मोठ्या माणसाच्या पंजासाठी होत्या. बोटाचं फक्त टोक ट्रिगरवर पोचत होतं, ते सरळ मागे ओढण्याऐवजी बाजूला ढकलत होतं. ती उजव्या हाताने मारते, म्हणून डावीकडे.

भावोजींना फोन केला. "म्हणजे तक्ता नाहीच?" ते जरा नाराज झाले. मी त्यांना टोकियोची गोष्ट सांगितली: २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असतानाच बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिनेच पॅरिसला दोन कांस्यपदकं आणली. पिस्तूल चांगलं हवंच, पण आत्ता नाही. वर्षभरात मुलीचा पंजा वाढेल.

सध्या क्लबाच्या परवानगीने त्याच जुन्या पिस्तुलाला लहान मूठ मागवली आहे. ती आली की कानशीने घासून आणि लाकडाची लांबी भरून तिच्या हाताला बसवू. कोणी जुनं पिस्तूल विकत घेणार असेल तर हवेच्या नळकांड्यावरची तारीख आधी वाचा. दहा वर्षं उलटली की स्पर्धेत ते चालत नाही, आणि स्वस्त म्हणून घेतलेल्या पिस्तुलाला नवं नळकांडं घ्यावं लागतं.

काजूचे पैसे बँकेत आहेत. क्लब शनिवार-रविवारी पिस्तूल घरी न्यायला देतो. भाची तेव्हा हॉलमध्ये पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहून छर्ऱ्याशिवाय ट्रिगर ओढते, रोज शंभर वेळा. आजी बाजूला बसून मोजते, आणि मधेच विचारते, "गो बाय, आवाजच नाही, मग लागलं का नाही कसं कळतं?"